एकच चासी, चार काळजं

मला लहान स्पोर्ट्स कार आवडतात. दोन सीट, बसताना जवळजवळ आडवं व्हावं लागतं, छत आपल्या छातीपर्यंतही येत नाही आणि वजन म्हणाल तर आपल्या रस्त्यावरच्या साध्या हॅचबॅकपेक्षाही कमी. हजार हॉर्सपॉवरच्या सुपरकारचे व्हिडिओ सगळेच बघतात, मीही बघतो, पण त्या बघून मला रात्री झोप लागते. लहान गाडी बघितली की नाही लागत, डोकं चालूच राहतं, हे इंजिन इथं बसवलंच कसं, रेडिएटर कुठं गेला, पेट्रोलची टाकी कुठं, आणि एवढं सगळं कोंबून वर परत इतकी देखणी कशी काय.

माझं एक मत आहे ते आधीच सांगतो. मोठ्या गाडीत जागा भरपूर, आत काहीही टाका, बाहेरून कळत नाही. लहान गाडीत तसं जमत नाही. आत जे बसवलंय तेच बाहेर दिसतं. बॉनेट किती खाली येणार, दरवाजा कसा उघडणार, ढुंगण किती रुंद होणार, हे सगळं ताकद कुठून येते त्यावर ठरतं. पेट्रोल असो, डिझेल असो, बॅटरी असो नाहीतर ते वेडं रोटरी इंजिन असो. म्हणून मला डिझाइन आणि इंजिन हे दोन वेगळे विषय वाटतच नाहीत.

मी कोल्हापूरचा, लहानपण तिथल्या फाउंड्र्यांच्या उद्यमनगरात गेलं. आमच्याकडं इंजिन ही चकचकीत ब्रोशरमधली गोष्ट नव्हती, वाळूच्या साच्यातून निघालेलं, अजून गरम असलेलं, कडेनं जास्तीचं लोखंड लोंबत असलेलं ओतकाम होती. त्यामुळं कुठलीही गाडी बघितली की मी पहिल्यांदा आतला सांगाडा शोधतो. आणि सांगाडा म्हटलं की माझ्यासाठी एकच गाडी पहिली येते, ब्रिटनच्या लोटस कंपनीची एलिस.

एलिस सप्टेंबर १९९५ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटर शोमध्ये पहिल्यांदा दाखवली आणि १९९६ पासून रस्त्यावर आली. बाहेरचं रूप ज्युलियन थॉमसनचं, चासी रिचर्ड रॅकहॅमची. तेव्हा लोटसचे मालक होते रोमानो आर्तिओली, त्यांच्या नातीचं नाव एलिसा, त्यावरून गाडीचं नाव. वजन साधारण ७२५ किलो. त्यातली चासी फक्त ६८ किलोची! म्हणजे दोन माणसं दोन बाजूंनी धरून उचलून नेतील अशी. ॲल्युमिनियमच्या एक्स्ट्रूजनच्या, म्हणजे गरम धातू साच्याच्या भोकातून दाबून काढलेल्या पट्ट्या, आणि त्या वेल्डिंगनं जोडलेल्या नाहीत, इपॉक्सीनं चिकटवलेल्या आहेत. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या शॉपमधल्या एका जुन्या मिस्त्रींना सांगितलं, ते म्हणाले, "डिंकानं गाडी? आणि ती पळती?" पण कारण एकदम पक्कं आहे. ॲल्युमिनियमला वेल्डिंग केलं की उष्णतेनं जोडाजवळचा भाग मऊ पडतो, मग ताकद भरून काढायला पट्टी जाड घ्यायची, म्हणजे वजन वाढलं. चिकटवलं की पट्टी पातळ ठेवता येते, जोर सगळ्या सांध्यावर पसरतो, आणि सांधा टोकाकडून सोलून निघू नये म्हणून तिथं स्क्रू. बास. मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि परत म्हणाले, "म्हणजे डोकं लावलंय." त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक कधी निघालं नाही.

आणखी एक, हे फाउंड्रीवाल्यांसाठी. सुरुवातीच्या एलिसला ब्रेक डिस्क बिडाच्या नव्हत्या, ॲल्युमिनियममध्ये सिरॅमिकचे कण मिसळलेल्या कॉम्पोझिटच्या होत्या. पुढं त्या मिळायच्या बंद झाल्या आणि कंपनी साध्या बिडाच्या डिस्कवर आली. पण विचार करा, ज्या गाडीत साधं १.८ लिटरचं रोव्हरचं इंजिन आहे, ११८ हॉर्सपॉवरचं, त्या गाडीच्या डिस्कमधूनसुद्धा किलो-किलो वजन काढायचा प्रयत्न केलाय. ताकद वाढवायची नाही, ओझं काढायचं. हाच सगळा खेळ.

माझा चुलतभाऊ इंग्लंडात कव्हेंट्रीला असतो, त्याच्याकडं गेलो होतो तेव्हा त्याच्या ओळखीतल्या एका गृहस्थांची पहिल्या पिढीची एलिस जवळून बघायला मिळाली. दारातून आत बसणं हे काम आहे हो. चासीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्याच गाडीची खरी ताकद, त्यामुळं दाराखालचा उंबरा रुंद आणि उंच, छत लावलेलं असेल तर आधी पाय आत, मग ढुंगण, मग मान वाकवून डोकं. आत बसलो आणि हात खाली गेला तर उघडं ॲल्युमिनियम. वर काही नाही, कव्हर नाही, रेक्झिन नाही, तोच चासीचा पत्रा, थंडगार, एक्स्ट्रूजनच्या बारीक रेघा बोटाला लागतात. सांध्यावर इपॉक्सीची बारीक कड बाहेर आलेली. मी त्या कडेवरून परत परत बोट फिरवत बसलो होतो, भाऊ म्हणाला चल आता, ते गृहस्थ थांबलेत. पण मला तेच बघायचं होतं. सजावट म्हणून वेगळं काहीच नाही, जे गाडीला उभं धरतंय तेच सजावट.

आता खरी गंमत इथून पुढं. ही चासी इतकी चांगली जमली की दुसऱ्या लोकांनी पण तिच्यावर आपापल्या गाड्या उभ्या केल्या आणि प्रत्येकानं काळीज वेगळं घातलं.

पहिली ओपेल स्पीडस्टर. २००० ते २००५. इंग्लंडात हेथेललाच, लोटसच्याच कारखान्यात बनायची, ब्रिटनमध्ये व्हॉक्सहॉल व्हीएक्स२२० नावानं विकायचे. एलिस गोल गुळगुळीत, ही कोनदार, कात्रीनं कापल्यासारखी. इंजिन ओपेलचं २.२ लिटर पेट्रोल, नंतर २ लिटर टर्बो. पण मला या गाडीपेक्षा तिची बहीण जास्त आवडते, इको-स्पीडस्टर, २००२ ला पॅरिसमध्ये दाखवलेली कॉन्सेप्ट. आता नीट वाचा, तिच्यात डिझेल इंजिन होतं, १.३ लिटर! वजन ६६० किलो, हवेचा अडथळा इतका कमी की तो मोजायचा आकडा, सीडी, ०.२० च्या आसपास, ११२ हॉर्सपॉवर आणि वेग ताशी २५० किलोमीटरच्या वर. २५०, एक-पॉइंट-तीन डिझेलवर.

आणि हे १.३ म्हणजे कुठलं, तर आपलंच. तेच फियाट आणि जीएमचं (जनरल मोटर्स, ओपेलची तेव्हाची मालक) मल्टिजेट कुटुंब. पुण्याजवळ रांजणगावला फियाट आणि टाटाच्या कारखान्यात बनायचं, मारुतीनं मानेसरला बनवलं, स्विफ्टमध्ये डीडीआयएस, टाटाच्या व्हिस्टा-मांझामध्ये क्वाड्राजेट, फियाट पुंटोमध्ये मल्टिजेट. कित्येक वर्षं अख्खा महाराष्ट्र या इंजिनावर लग्नाला, देवाला, कोर्टकचेरीला गेलाय. टॅक्सीवाल्यांनी त्याच्यावर लाखो किलोमीटर काढले. आपण त्याच्याकडं ॲव्हरेज देणारं इंजिन म्हणूनच बघितलं, आणि तिकडं त्याच कुटुंबातलं इंजिन एका माशासारख्या गाडीत बसून ट्रॅकवर विक्रम करत होतं. रस्त्यात जुनी डिझेल स्विफ्ट टकटक करत गेली की मला दर वेळी ती चंदेरी गाडी आठवते. आपल्याकडं कुणी हे सांगतच नाही.

डिझेलमुळं रूप का बदललं तेही बघण्यासारखं आहे. ताकद कमी, म्हणून हवेतून निसटून जायला पाहिजे. म्हणून गाडी सगळीकडून झाकली, चाकंसुद्धा झाकल्यासारखी, वरचा कॅनोपी विमानासारखा, मागचा भाग निमुळता. जास्त ताकद असती तर हे सगळं करायची कुणाला गरजच पडली नसती.

दुसरी टेस्ला रोडस्टर, ही सगळ्यांना माहीत आहे, पण ती एलिसच्या पोटातून आली हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. २००८ पासून २०१२ पर्यंत, साधारण २,४५० गाड्या. त्याच्याही आधी कॅलिफोर्नियात एसी प्रोपल्शन नावाच्या छोट्या कंपनीनं टीझीरो नावाची पिवळी इलेक्ट्रिक गाडी केली होती, आधी लेड-ॲसिड बॅटरीवर, म्हणजे आपल्या इन्व्हर्टरला असते तसली, नंतर लिथियम-आयनवर. लॅपटॉपच्या सेलवर गाडी पळते आणि नुसती पळत नाही तर फेरारीला मागं टाकते हे त्या गाडीनं दाखवलं. टेस्लावाल्यांनी तोच विचार उचलला आणि लोटसकडं गेले.

रोडस्टरच्या पॅकमध्ये ६,८३१ सेल. बारीक, पेन्सिल-सेलपेक्षा थोडे जाड, तेच लॅपटॉपमधले. एवढे सगळे सेल पत्र्यांच्या थरांमध्ये बसवून, मधून थंड करायचं पाणी फिरवून, ते सगळं धूड सीटच्या मागं, जिथं एलिसचं इंजिन होतं तिथं. ५३ किलोवॅट-तास, वजन साडेचारशे किलो. म्हणजे अर्ध्याहून जास्त एलिस नुसती बॅटरीतच! गाडीचं एकूण वजन सव्वाबाराशेच्या पुढं गेलं. त्यासाठी चासी लांब केली, दाराखालचा उंबरा खाली घेतला म्हणजे माणसाला आत बसता येईल, बॉडी कार्बन फायबरची केली. ० ते ९६ किलोमीटर ३.९ सेकंदात आणि एका चार्जमध्ये साधारण ३९० किलोमीटर, २००८ ला! तेव्हा आपल्याकडं इलेक्ट्रिक म्हणजे रेवा.

मला रोडस्टरबद्दल एक गोष्ट मनापासून पटते ती तिच्या गिअरबॉक्सची. आधी दोन गिअरचा बॉक्स करायचा प्रयत्न झाला, पण मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, पहिल्या क्षणापासून पूर्ण, तो बॉक्सला सोसेना. शेवटी एकच गिअर ठेवला आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स तगडं केलं. किती साधा निर्णय, आणि आज रस्त्यावरच्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्या एका गिअरवरच चालतात.

तिसरी एक्सिज, एलिसचीच छत असलेली जास्त तिखट बहीण. २००८ मध्ये लोटसनं तिची ट्राय-फ्युएल आवृत्ती दाखवली, २७०ई. पेट्रोल, इथेनॉल, मिथेनॉल, कुठलंही, कसंही मिसळून टाका, गाडी स्वतः ओळखणार. इंजिन टोयोटाचं १.८ सुपरचार्जरवालं. आणि अल्कोहोलवर ताकद कमी नाही, जास्त! कारण अल्कोहोल आत जाताना हवा थंड करतं, थंड हवा दाट असते, आणि ऑक्टेन जास्त म्हणून नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक, न होता दाब वाढवता येतो. आम्ही उसाच्या पट्ट्यातले लोक. साखर कारखान्याची डिस्टिलरी, मळीचा वास, इथेनॉलचा टँकर हे आमचं रोजचं. हल्ली इथेनॉल म्हटलं की माणसं वैतागतात, ॲव्हरेज पडलं म्हणतात, आणि ते खरंच आहे, एका लिटरमध्ये ऊर्जा कमी असते. पण इथेनॉल नजरेसमोर ठेवून इंजिन ट्यून केलं तर ते रेसिंगचं इंधन आहे हे त्या चर्चेत कुणी बोलत नाही. आपल्या शिवारातल्या रसावर २७० हॉर्सपॉवर! मला हा विचारच इतका भारी वाटतो.

(स्वित्झर्लंडच्या रिनस्पीडनं एलिसची पाण्याखाली चालणारी इलेक्ट्रिक गाडी पण केली, स्क्यूबा, २००८ ला जिनिव्हात. १० मीटर खोल जाते. छत उघडंच ठेवलंय, कारण बंद गाडीत हवा अडकली की ती गाडीला वर ढकलणार. तिच्यावर लिहायचं तर वेगळी पोस्ट लागेल.)

एलिस डिसेंबर २०२१ ला बंद झाली. पंचवीस वर्षं एक सांगाडा.

आता रोटरी. रोटरीशिवाय हा विषय होऊच शकत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, कनेक्टिंग रॉड नाही. मधून किंचित चिमटलेला लंबगोल डबा, त्यात तिन्ही बाजू फुगलेला एक त्रिकोणी रोटर, तो फिरताना त्याची तिन्ही टोकं कायम भिंतीला चिकटलेली. एका बाजूला हवा-पेट्रोल आत घेतलं जातंय, त्याच वेळी दुसऱ्या बाजूला दाबलं जातंय नाहीतर जळतंय, तिसऱ्या बाजूनं धूर बाहेर. रोटर एकदा फिरला की शाफ्ट तीनदा फिरतो. मागंपुढं होणारं काहीच नाही म्हणून थरथर नाही. आणि आकार एवढुसा की विश्वास बसत नाही.

या एवढुशा आकारामुळंच १९६४ च्या जर्मनीच्या एनएसयू कंपनीच्या स्पायडरमध्ये, जी विकायला आलेली जगातली पहिली रोटरी गाडी, मागं इंजिन बसवून त्याच्या वर परत सामानाला जागा राहिली. पुढंही डिकी, मागंही डिकी, मध्ये दोन माणसं.

पण रोटरीला खरा जीव लावला तो माझदानं. केनइची यामामोतो आणि त्यांचे सत्तेचाळीस जणांचे पथक. त्यांच्यापुढं अडचण होती ती रोटरच्या टोकावरच्या सीलची. सील भिंतीवरून घासत जाताना थरथरायचं आणि आतल्या क्रोमच्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे पाडायचं, जपानी इंजिनिअर त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. ज्यानं कधी बोअर खराब झालेला लाइनर हातात घेतलाय, त्यावर नख फिरवून खोली बघितली आहे, त्याला ते ओरखडे डोळ्यांसमोर दिसतील. त्यांनी काय काय करून बघितलं, शेवटी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेलं सील केलं आणि ओरखडे थांबले. मग १९६७ ला कॉस्मो स्पोर्ट आली. ९८२ सीसी, ११० हॉर्सपॉवर, उंची फक्त ११६५ मिलिमीटर. १९७२ पर्यंत जेमतेम ११७६ गाड्या बनल्या.

कॉस्मोचा फोटो एकदा शांतपणे बघा. पुढचं नाक चपटं, बाजूनं एक लांब रेघ सरळ मागं जाते, मागचे दिवे बंपरनं आडवे कापलेत, वर एक खाली एक. आकाशात जाणारी वस्तू चुकून रस्त्यावर आली असं वाटतं. एवढं खाली बॉनेट तेव्हाच्या चार सिलिंडरच्या उभ्या इंजिनावर आलं नसतं. रोटरी होतं म्हणून आलं. १९६८ ला माझदानं दोन कॉस्मो जर्मनीला नेल्या, नूर्बर्गरिंगवर ८४ तासांची मॅरेथॉन शर्यत, त्यातली एक चौथी आली. ८४ तास! नव्या जातीचं इंजिन घेऊन.

पुढं १९७८ ला आरएक्स-७, आणि तिची तिसरी पिढी, एफडी, जी १९९१ च्या शेवटी आली. माझ्या मते लहान स्पोर्ट्स कारमध्ये एवढी सुंदर गाडी दुसरी झालीच नाही, यावर मी वाद घालायला कधीही तयार आहे. एकही सरळ रेघ नाही. दारांवर, मागच्या चाकांवर, छतावर प्रकाश असा घरंगळत जातो की पत्रा आहे की पाणी कळत नाही. १३०८ सीसी, दोन टर्बो एकामागून एक चालू होणारे, इंजिन पुढच्या ॲक्सलच्याही मागं सरकवलेलं. परत तेच, इंजिन एवढुसं म्हणून ते मागं सरकवता आलं, म्हणून नाक एवढं खाली.

रोटरी पेट्रोल जास्त पितं, ऑइल जाळतं, सील झिजतात, हे सगळं खरं. पण हायड्रोजनसाठी मात्र ते अंगानंच योग्य आहे. साध्या इंजिनात इंधन आत येतं त्याच जागी जळतं, तिथला तापलेला व्हॉल्व्ह, तापलेला प्लग हायड्रोजनला वेळेआधीच पेटवू शकतो. रोटरीत आत यायची जागा वेगळी, जळायची जागा वेगळी, त्यामुळं आत यायची बाजू त्या मानानं थंड राहते. माझदानं आरएक्स-८ ची हायड्रोजन आवृत्ती करून २००६ पासून जपानात भाड्यानं दिली, बटण दाबलं की हायड्रोजन नाहीतर पेट्रोल. ताकद हायड्रोजनवर जवळपास निम्मी व्हायची आणि टाक्यांनी डिकी खाल्ली, पण गाडी चालत होती, सायलेन्सरमधून पाण्याची वाफ. आणि २०२३ च्या ऑक्टोबरात टोकियोत त्यांनी आयकॉनिक एसपी दाखवली, लाल, छोटी, एफडीची नात शोभेल अशी. चाकं इलेक्ट्रिक मोटर फिरवणार, दोन रोटरचं इंजिन फक्त वीज करणार. ३७० हॉर्सपॉवर, १४५० किलो. ती बाजारात यावी म्हणून मी खरंच देव पाण्यात घालून बसलोय.

जपानवरून आठवलं, केई कार, म्हणजे तिकडचा सगळ्यात छोट्या गाड्यांचा वर्ग. तिकडं १९९० पासून नियम आहे, ६६० सीसी, आणि कंपन्यांनी आपसात ठरवलेली ६४ हॉर्सपॉवरची मर्यादा. एवढ्या डबीत काय होणार, असं वाटेल. तर तीन स्पोर्ट्स कार झाल्या आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा. होंडा बीट १९९१, इंजिन सीटच्या मागं, टर्बो नाही, ६४ हॉर्सपॉवर काढायला ८१०० आरपीएमपर्यंत ओरडायचं. सुझुकी कॅपुचिनो, इंजिन पुढं, टर्बो, मागची चाकं ओढणार, आणि छताचे तीन तुकडे, हवे तसे काढा. तिसरी १९९२ ची ऑटोझॅम एझेड-१, माझदाच्या घरातली पण इंजिन सुझुकीचं. तिला दारं वर उघडणारी, पक्ष्याच्या पंखांसारखी गलविंग! ७२० किलो, आत लोखंडी सांगाडा, वर प्लास्टिकची पॅनल.

आता माप घ्या. एझेड-१ ची लांबी ३२९५ मिलिमीटर. आपली मारुती ८०० त्याहून चार सेंटिमीटर लांब. आणि एझेड-१ मधलं सुझुकीचं एफ६ए इंजिन आणि मारुती ८०० मधलं एफ८बी हे एकाच एफ घराण्यातले, दोन्ही तीन सिलिंडरची. आपल्याकडचं ७९६ सीसीचं, साधं, चाळिशीच्या खालीवर हॉर्सपॉवर देणारं, तिकडचं ६५७ सीसीचं पण डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, बारा व्हॉल्व्ह, टर्बो. ज्या इंजिनाच्या भावानं आपल्या मास्तरांना, डॉक्टरांना, दुकानदारांना पहिल्यांदा चारचाकीत बसवलं, त्यानं तिकडं गलविंगची गाडी पळवली. मला ही गोष्ट कळली तेव्हापासून भंगारात पडलेल्या ८०० कडं मी वेगळ्या नजरेनं बघतो. ते इंजिन छोटं, हलकं, सरळ आहे, त्याच्यापासून काय काय होऊ शकलं असतं.

एक गाडी अशी आहे जी माझं पहिलं म्हणणं थोडं मोडते आणि तरीही मला आवडते, फोक्सवॅगन एक्सएल१. पुढून रुंद, मागं निमुळती, मागची चाकं झाकलेली, आरशांच्या जागी कॅमेरे, दोन सीट पण एकमेकांपासून थोड्या पुढंमागं. ७९५ किलो, सीडी ०.१८९. दोन सिलिंडरचं ८३० सीसीचं डिझेल अधिक छोटी मोटर, आणि चार्ज केलेली बॅटरी धरून कंपनीचा आकडा १०० किलोमीटरला ०.९ लिटर. फक्त २५० गाड्या करायच्या ठरल्या. पण २०१४ ला पॅरिसमध्ये त्यांनी त्याच रूपाची एक्सएल स्पोर्ट आणली आणि आत काय घातलं तर डुकाटीच्या मोटरसायकलचं व्ही-ट्विन, २०० हॉर्सपॉवर, ताशी २७० किलोमीटर. काटकसरीसाठी घडवलेलं अंग वेगाला पण तसंच लागू पडलं. म्हणजे हवेला दोन्ही सारखंच, तुम्ही पैसे वाचवताय की मस्ती करताय.

होंडा सीआर-झेड, २०१० ची, हायब्रिड आणि त्यात सहा गिअरचा हातानं टाकायचा बॉक्स, मागची काच उभी कापलेली, ती मला गोड वाटते पण वेड लावत नाही. बीएमडब्ल्यू आय८ लहान म्हणायची की नाही यात शंका आहे, पण १.५ लिटर तीन सिलिंडर आणि मोटर मिळून तिनं जे रूप पेललं ते कमाल. आणि आता आपल्याकडं आलेली इलेक्ट्रिक एमजी सायबरस्टर, वर उघडणारी दारं, ५१० हॉर्सपॉवर, ३.२ सेकंदात शंभर. देखणी आहेच. पण वजन दोन टनांच्या घरात. जुनी एमजीबी टनाच्या आसपास होती. बॅटरीवाल्यांना अजून एलिस सापडलेली नाही हे माझं ठाम मत, आणि बॅटरी हलकी झाली की कुणीतरी ती करणारच.

आपल्याकडं कुणी प्रयत्न केला नाही असं नाही. टाटांची रेसमो आठवते? मार्च २०१७, जिनिव्हा. दोन सीट, इंजिन मध्ये, १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल रेव्होट्रॉन पण १९० हॉर्सपॉवरपर्यंत नेलेलं, शंभर गाठायला सहा सेकंदांच्या आत, दारं फुलपाखरासारखी. रूप टाटांच्या इटलीतल्या स्टुडिओत ठरलं. साध्या हॅचबॅकच्या इंजिनातून स्पोर्ट्स कार, म्हणजे एझेड-१ वाल्यांनी केलं तेच. ती रस्त्यावर आलीच नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं, आकडे बरोबर होते, आकार बरोबर होता, पैशाचं गणित बसलं नसेल.

आणि त्याच्याही कितीतरी आधी गोव्यात सॅन स्टॉर्म बनली होती. बंगळुरूची सॅन मोटर्स, फ्रान्समधल्या ल मान्स ग्रुपनं केलेलं डिझाइन, फायबरग्लासची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसीचं ६० हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन, दोन सीट, उघडं छत. ६० हॉर्सपॉवर ऐकून कुणी नाक मुरडेल, पण बीटला ६४ च होते आणि तिला जग डोक्यावर घेतं. गोव्याचे ते वळणावळणाचे, दोन्हीकडं माडांचे अरुंद रस्ते आणि तिथं अशी उघडी गाडी, यापेक्षा योग्य जोडी कुठली? फायबर गंजत नाही, समुद्राची हवा त्याला काही करत नाही. इंजिनाचे पार्ट मात्र शोधायला लागत असणार, पण आपल्याकडं मिस्त्री काहीही बनवून देतात, उद्यमनगरात तर नक्कीच.

मला एक चालू स्थितीतली स्टॉर्म बघायची आहे. नुसती बघायची नाही, बॉनेट उघडून ते रेनॉचं इंजिन कसं बसवलंय, फायबर सांगाड्याला कुठं कुठं पकडलाय, बिजागऱ्या कशा आहेत, ते सगळं खाली वाकून बघायचंय. म्हापसा, मडगाव, वास्को, कुठंही असू दे, कुणाच्या घरामागं ताडपत्रीखाली असू दे. मालक तयार असतील तर कळवा, आंबोली उतरून सकाळी सकाळी पोचतो, आणि एखादा पार्ट अडला असेल तर त्याचं माप घेऊन इकडं ओतून देतो.